बॅटरी म्हणवलेल्या ड्रमची कैफियत

मी एक ड्रम बोलतोय. आधीच सांगून ठेवतो, माझ्या अंगावर काय लिहिलंय ते वाचत बसू नका. ते वाचण्यात भल्याभल्यांचा वेळ गेला आणि हाती काही लागलं नाही. नजर पडलीच असेल तर हसून घ्या, आणि पुढचं ऐका.

बँडमध्ये गळ्यातल्या पट्ट्यानं कमरेपाशी लटकवून चालता चालता वाजवतात, तो मी. वर ठोका झेलणारं एक पान, खाली एक पान, खालच्या पानाला चिकटून ताणलेल्या तारा आणि मध्ये लाकडाचा गोल घेर. एवढंच माझं शरीर. म्हणजे आतून पोकळच की, असं कुणी म्हणेल. आहेच पोकळ. पण मी ते लपवत नाही. सरकारी खात्यात आयुष्य काढल्यावर इतकं नक्की सांगतो, की उघडपणे पोकळ असणारे फार थोडे भेटतात.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे एक खोली, एक शेगडी आणि भिंतीवर टांगलेले लोखंडी साचे. कारागीर लाकडाचे पातळ थर वाफेवर मऊ करायचा, एकावर एक चिकटवायचा आणि साच्याभोवती वाकवायचा. बोलायचा कमी, शिंकायचा फार. माझं अंग वाळलं तेव्हा त्यानं घेराच्या बाजूला, बरोबर मध्यावर, एक भोक पाडलं. करंगळीचं टोक जाईल एवढंच. त्याला पितळेची बारीक कडी बसवली आणि आत फुंकर मारून पाहिली. ती माझी पहिली फुंकर.

मला न्यायला पाणीखात्याचे हेडक्लार्क स्वतः आले होते. त्यांनी विचारलं, "हे भोक कशाला?"

"श्वासाला," कारागीर म्हणाला. "वर काठी पडली की आतली हवा इथून बाहेर येते. हे कधी बंद करू नका. केलंत तर ड्रम वाजणार नाही, कपाटावर मारल्यासारखा नुसता ठकठक करेल."

"असं का," हेडक्लार्क म्हणाले आणि त्यांनी मान डोलावली. डोलावताना ते पट्ट्याची बक्कल चकचकीत आहे ना ते बघत होते. मान डोलावणं आणि ऐकणं ह्या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे मी जन्मल्या जन्मल्याच शिकलो.

पाणीखात्याला बँड कशाला, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं असतं, पण मला कुणी विचारत नाही. नव्या टाकीचं उद्घाटन असलं, जुन्या साहेबांना निरोप द्यायचा असला, की वाजवायला काहीतरी हवं, म्हणून कुठल्याशा साहेबांनी बँड काढला. साहेब गेले, बँड राहिला. वाजवणारे सगळे खात्यातलेच. कुणी मीटर वाचणारा, कुणी फिटर, कुणी भांडारातला. बँडची खोली भांडाराच्या मागे. तिथे कोपऱ्यात एक नळ आहे. मी आलो त्या दिवशी तो गळत होता. त्याबद्दल पुढे बोलेन.

माझ्या वाट्याला आला पंपघरातला माणूस. सगळे त्याला पंपवाले म्हणत. ठेंगणा, हात रुंद, चालताना किंचित डावीकडे कललेला. पहिल्याच दिवशी त्यानं मला गळ्यात अडकवून फिरवून फिरवून पाहिलं आणि अशा कोनात बांधलं, की माझं भोक नेमकं त्याच्या डाव्या मनगटासमोर यावं. काठी पडली की त्याच्या मनगटावर वाऱ्याची फुंकर.

"काय रे दादा, पंखा लावून घेतलास का?" फिटर म्हणाला. फिटर त्याचा जिवलग, तोंडानं फटकळ.

"तुला नाही मिळायचा," पंपवाले म्हणाला. "तुझ्या झांजांतून घामच येतो नुसता."

तेव्हा ती खरंच गंमत होती. पुढे गंमत राहिली नाही. पंपघरात दिवसभर यंत्रांचा घणघणाट. त्यात ज्याची उमर गेली, त्याचे कान किती दिवस शाबूत राहणार? हळूहळू त्याला शिट्टी ऐकू येईना, मग तुतारी ऐकू येईना, आणि एके दिवशी माझ्या लक्षात आलं, की ह्याला मीही ऐकू येत नाही. तो मनगटावर वाजवत होता. फुंकर आली म्हणजे ठोका पडला. फुंकर जोराची म्हणजे ठोका जोराचा. पुढच्याचे पाय बघून लय धरायची, आणि वाऱ्यावरून ती बरोबर आहे की नाही ते ताडायचं. सांगायला लाज वाटत नाही, तो ऐकू येणाऱ्यांपेक्षा नीट वाजवायचा.

हे फक्त मला ठाऊक होतं. कान गेलेत एवढंच त्याच्या लेकीला. लेक खात्यातच मीटर वाचायची आणि बँडमध्ये माझ्या मागच्या रांगेत मोठा ड्रम वाजवायची. ती कधी कधी मला घरी नेऊन पुसत असे, तेव्हा मी त्यांची बोलणी ऐकायचो.

"ओरडू नकोस गं. बहिरा नाहीये मी."

"मी काही बोललेच नाही बाबा."

"मग बोल की काहीतरी. गप्प का बसलीयस?"

ती हसायची. मग कपाळाला हात लावायची. डॉक्टरांचं नाव काढलं की तो उठून बागेतल्या कुंडीला पाणी घालायला जायचा. कारण उघड होतं. बँडच्या नियमांत ऐकू कमी येणाऱ्याला जागा नव्हती. आणि त्याची निवृत्ती जवळ आली होती. टेकडीवरची नवी टाकी पुरी होत आली होती. तिथपर्यंत पाणी चढवणारा पंप त्यानंच उभा केला होता. त्या टाकीच्या उद्घाटनाला बँडच्या पहिल्या रांगेतून वाजवत टेकडी चढायची, एवढीच त्याची इच्छा. त्यानंतर तुम्ही मला खुशाल कोनाड्यात ठेवा, असं तो लेकीला म्हणाला होता.

इच्छा साधी होती. आडवी आली ती हेडक्लार्कांची विद्वत्ता.

हेडक्लार्क बँडचे चिटणीसही होते. संचलनात पुढे दांडा फिरवत चालायचे. माणूस वाईट नव्हता. वाचनाची आवड होती, आणि वाचलेलं दुसऱ्याला सांगितल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे. त्यांच्या हाती परदेशी बँडांवरचं एक पुस्तक आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बँडच्या खोलीत बोलावलं.

"आजपासून तुम्हाला ड्रमवाले म्हणायचं नाही," ते म्हणाले. "चालत्या बँडमध्ये जी तालवाद्यं गळ्यात घेऊन वाजवतात, त्यांच्या गटाला म्हणतात बॅटरी."

"सेलवर चालते ती?" फिटरनं विचारलं.

"सेलवर नाही हो! शब्द मूळचा फ्रेंच आहे."

"मग फ्रान्समध्ये विजेवर चालत असेल."

लेकीनं हात वर केला. "पण साहेब, त्याचा अर्थ काय?"

"मूळ अर्थ, मारणे. ठोकणे. बडवणे. त्यावरून तोफांच्या रांगेलाही तोच शब्द. स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या संचालाही फ्रेंच लोक तेच म्हणतात."

"म्हणजे आमची मारझोड," ती म्हणाली.

"मारझोडच. पण फ्रेंचमध्ये."

पंपवाल्याला ह्यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. सगळे हसले म्हणून तोही हसला.

हे एवढ्यावर मिटलं असतं तर मी आज तोंड उघडलं नसतं. पण हेडक्लार्कांना तो शब्द आमच्या अंगावर हवा होता. इंग्रजी अक्षरांत, पांढऱ्या रंगात, निळ्या पट्ट्यावर. रंगारी आला. त्यानं शब्दाच्या शेवटी सरळ वाय काढला. हेडक्लार्क दोन पावलं मागे जाऊन म्हणाले, "हे इंग्रजी झालं. फ्रेंचमध्ये शेवटी आय आणि ई." मला खरवडलं. आय आणि ई काढलं. त्याच आठवड्यात मोठे साहेब खोलीवरून जाता जाता थबकले, म्हणाले, "स्पेलिंग चुकलंय वाटतं," आणि निघून गेले. हेडक्लार्कांचा चेहरा उतरला. मला पुन्हा खरवडलं. पुन्हा वाय. मग धीर करून त्यांनी साहेबांना विचारलं, तर साहेबांना आपण असं काही बोलल्याचं आठवेना. पुन्हा खरवडणं.

माझी सालं निघत होती, आणि ते माझ्यासमोर उभं राहून एका अक्षराच्या अब्रूबद्दल बोलत होते.

"साहेब, पुस्तकात दोन्ही चालतं असं दिलंय ना?" लेकीनं एकदा विचारलं.

"दोन्ही चालतं म्हणजे निर्णय घ्यायचा राहिलाय," हेडक्लार्क म्हणाले. त्यांचं सगळं आयुष्य त्या एका वाक्यात मावेल.

शेवटी निर्णय झाला, आय आणि ई. अक्षरं मोठी काढायची, लांबून दिसली पाहिजेत. आणि इथे माझं नशीब फुटलं. अक्षरं मोठी झाल्यावर शब्द लांबला, आणि माझं भोक त्या आय आणि ई च्या बरोबर मध्ये आलं. पितळेची गोल कडी. हेडक्लार्क चष्मा वर करून बघत राहिले.

"लोक ह्याला ओ वाचतील," ते म्हणाले. "मग शब्द काय होईल?"

"काय होईल?" फिटरनं विचारलं.

"काहीच होणार नाही! तेच म्हणतोय मी. अर्थच राहणार नाही." ते मागे वळले. "हे भोक बुजवता येईल का?"

आता समजून घ्या, हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला. पाणीखात्याच्या फिटरला. ज्यानं आयुष्यभर भोक दिसलं की आधी बोट लावलंय आणि मग विचार केलाय. सुताराला विचारलं असतं, वादकाला विचारलं असतं, रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला विचारलं असतं, तरी तो म्हणाला असता, का बुवा? पण पाणीखात्यात भोक म्हणजे गळती, आणि गळती म्हणजे लाज. फिटरचे डोळे चमकले.

"इतकी वर्षं हे उघडंच ठेवलंत?" तो म्हणाला. "आणि मला कुणी सांगितलं नाही?"

मी ओरडलो असतो. पण मला कुणीतरी वाजवल्याशिवाय ओरडता येत नाही, हा माझ्या जन्माचाच दोष आहे.

त्यानं कडी उपटली. भोकात सूत गुंडाळून कोंबलं, वर नळाचे सांधे बुजवायचा सफेदा भरला, अंगठ्यानं दाबला, कानशीनं घासून सपाट केला. काम इतकं चोख, की मी त्याचं कौतुक केलं असतं, फक्त ते दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर व्हायला हवं होतं. रंगाऱ्यानं वरून निळा हात मारला. फिटर म्हणाला, "आता थेंब जाणार नाही. दादा खूश होईल बघ."

माझ्यात थेंब कुठून येणार होता? आणि खोलीतला तो नळ मागे टपटपत होता. सगळं पाणीखातं माझ्याभोवती गोळा झालं होतं, आणि त्याच्याकडे पाठ करून उभं होतं.

पंपवाले ह्या सगळ्यात नव्हता. तो टेकडीवर नव्या पंपाच्या चाचणीत अडकला होता. मला त्यानं पाहिलं ते थेट उद्घाटनाच्या सकाळी.

घाई होती. मोठे साहेब त्यांच्या वरच्या साहेबांना घेऊन येणार होते. लेकीनं मला आणून दिलं. पंपवाल्यानं पट्टा नेहमीच्या खुणेवर आवळला, मनगट नेहमीच्या जागी आणलं. नव्या रंगावरून तळहात फिरवला. "छान झालाय," म्हणाला. त्याची बोटं कडी शोधत होती असं मला वाटलं, पण तेवढ्यात हेडक्लार्कांचा दांडा वर गेला.

पहिला ठोका पडला. फुंकर नाही.

दुसरा पडला. नाही.

माझ्यातून जो आवाज निघाला तो ठक. बंद दारावर तगादेवाल्यानं मारावा तसा. बाकीच्यांनी माना वळवल्या. पंपवाल्याला तेही कळायचा मार्ग नव्हता. त्याला एवढंच कळत होतं, की आपल्या हातून ठोका पडत नाहीये. म्हणून तो जोरानं मारू लागला. जोर वाढला तशी लय पळाली. बाकीच्यांचे पाय त्याच्यामागे धावू लागले, तुतारीवाल्याचा दम सुटला, आणि टेकडीच्या पहिल्या वळणावर सगळा बँड आपल्याच पायांत अडकून उभा राहिला.

"काय चाललंय काय?" हेडक्लार्क दात दाबून म्हणाले. "पंपवाले! लय!"

पंपवाले त्यांच्या ओठांकडे बघत होता. मग त्यानं काठ्या एका हातात घेतल्या, आणि मोकळं मनगट माझ्या अंगावर तसंच धरून उभा राहिला. आजारी माणसाची नाडी बघतात तसं.

लेक रांग सोडून पुढे आली. त्याच्या समोर जाऊन उभी राहिली, चेहरा दिसेल अशी. "बाबा, काय होतंय?"

"वारा येत नाहीये," तो म्हणाला.

"कसला वारा?"

"ह्याचा." त्यानं माझ्यावर हात ठेवला. आणि मग, ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तो जितक्या मोठ्यानं बोलतो तितक्या मोठ्यानं म्हणाला, "मला ऐकू येत नाही गं. कधीपासून नाही. मी वाऱ्यावर वाजवतो."

दोन्ही साहेबांनी ऐकलं. रस्त्याकडेला उभ्या लोकांनी ऐकलं. तुतारीवाल्यानं तुतारी खाली केली. इतकी वर्षं जपलेली गोष्ट एका वाक्यात उघडी पडली, आणि ती कुणाच्या हलगर्जीपणानं नाही तर उत्तम कामामुळे.

फिटर पांढराफटक पडला. "मीच बुजवलं," तो म्हणाला. "दादा, मीच रे." पण पंपवाल्याची त्याच्याकडे पाठ होती. मग फिटरनं बोलणं सोडलं, खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला, रस्त्यावर गुडघे टेकले आणि माझ्या अंगात खुपसला.

दुखलं. खोटं कशाला बोलू? सफेदा घट्ट बसला होता, त्याच्याबरोबर रंगाचे पापुद्रे निघाले. आय गेला. मग ई गेली. हेडक्लार्क बघत होते. त्यांचा एक हात पुढे आला, आणि मला वाटलं आता म्हणतील, अहो अक्षर सांभाळून. त्यांनी तो हात परत खिशात घातला. ह्या एका गोष्टीसाठी मी त्यांना पुष्कळ माफ केलंय.

सूत बाहेर आलं. पंपवाल्यानं काठी उचलली आणि एकदाच, हळू, मारली.

फुंकर.

त्याचा चेहरा मी खालून पाहिला. त्याचं वर्णन मी करणार नाही.

"चला," तो म्हणाला.

नियमानं त्याला तिथेच थांबवायला हवं होतं. मोठे साहेब हेडक्लार्कांकडे बघत होते, आणि हेडक्लार्कांना नियम तोंडपाठ होते. त्यांनी घसा साफ केला, साहेबांना म्हणाले, "किरकोळ गळती होती साहेब. दुरुस्त झाली," आणि पुढे जाऊन दांडा उचलला. मात्र नेहमीसारखा ऐटीत फिरवला नाही. डोक्याच्या वर, मोठा, लांबून दिसेल असा वरखाली हलवत राहिले, टेकडी संपेपर्यंत. हात भरून आला असणार. आम्ही टाकीपर्यंत वाजवत गेलो. वर पंपवाल्याच्या पंपानं पाणी चढवलं होतंच.

मोठ्या साहेबांनी दुसऱ्या दिवशी कळवलं, की पंपवाल्याला बँडमधून कमी करण्याचा आदेश काढावा. आदेश हेडक्लार्कांनी लिहायचा. महिने गेले. फिटर अधूनमधून खोलीत डोकावून विचारायचा, "साहेब, तो आदेश?"

"मसुदा तयार आहे," हेडक्लार्क म्हणायचे. "स्पेलिंग तपासतोय."

ते तपासेपर्यंत पंपवाले निवृत्त झाला. निरोपाच्या दिवशी बँडच्या पहिल्या रांगेतून मला वाजवत गेला. खात्याच्या दिरंगाईबद्दल मी आयुष्यभर बोटं मोडली. त्या एका दिवसापुरती मागे घेतो.

आता मला लेक वाजवते. मोठा ड्रम तिनं फिटरच्या गळ्यात घातला. सरावाला पंपवाले येऊन माझ्या बाजूला स्टुलावर बसतो, भोकासमोर तळहात धरतो आणि डोळे मिटतो. मध्येच म्हणतो, "तिसरा ठोका मागे पडतोय गं."

"नाही पडत, बाबा."

"काय म्हणालीस?"

"पडतोय म्हटलं," असं ती त्याच्याकडे बघून सांगते, आणि तिसरा ठोका सुधारते.

माझ्या अंगावरचा शब्द शेवट नसलेला राहिलाय. वाय लावावा की आय-ई, हा प्रश्न तिथे उरला नाही, लावायला जागाच खरवडलेली आहे. म्हणून मी निर्धास्त होतो. पण काल हेडक्लार्क आले. निवृत्तीला आलेत. चष्मा वर करून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि रंगाऱ्याला म्हणाले, "दुसऱ्या बाजूनं लिहिता येईल का?"

लिहा. मी आता भांडत नाही. मला बॅटरी म्हणा, तोफ म्हणा, भांडं म्हणा. फ्रेंचमध्ये लिहा, उलटं लिहा, शेवटी वाटेल ते अक्षर लावा. मनगटाएवढी जागा तेवढी मोकळी ठेवा. आणि अगदी राहवतच नसेल, काहीतरी बुजवल्याशिवाय तुमचे हात स्वस्थ बसत नसतील, तर जरा मागे वळा. कोपऱ्यात नळ आहे.